हळदोण्याचा ट्रम्पेट : चिक चॉकलेट

विसर्जनाच्या मिरवणुकीत बँडवाल्यांनी 'अलबेला'तले गाणे धरले, की आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांचे पाय भगवानदादांसारखे पडू लागतात. त्या गाण्यांचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे अण्णा चितळकर, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. पण अण्णांच्या शेजारी बसून त्या गाण्यांना वाद्यमेळाची झळाळी देणारा ट्रम्पेटवादक फार थोड्यांना आठवतो.

आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांचे खरे नाव. जन्म १९१६ चा, बार्देशातील हळदोण्याचा. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना सूर कागदावर वाचायला आणि लिहायला शिकवत. पोटासाठी मुंबई गाठणाऱ्या कितीतरी गोवेकरांना याच विद्येने हात दिला. आंतोनियो यांना मात्र अमेरिकेतील लुई आर्मस्ट्राँगचे वेड लागले. ट्रम्पेट वाजवण्याची आणि गाण्याची त्याची ढब त्यांनी अशी उचलली, की लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. चिक चॉकलेट या नावाने त्यांनी आपला बँड उभारला आणि मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात तो गाजवला.

पुढे मुंबई राज्यात दारूबंदी आली. हॉटेलांतल्या रात्री ओसरल्या आणि जॅझवाल्यांना चित्रपटसृष्टीचा आधार अधिकच लागू लागला. तिथे त्यांची गरजही होतीच. आपले संगीत एका सुरावटीचे. संगीतकार पेटीवर चाल बांधून गाऊन दाखवी. पण व्हायोलिनवाल्यांनी काय वाजवायचे, सॅक्सोफोन कुठे शिरायचा, ट्रम्पेटने कधी गप्प बसायचे, हे प्रत्येक वादकासाठी वेगळे लिहून द्यावे लागे. ते काम अरेंजरचे. चाल ज्याची त्याचे नाव तबकडीवर. हे लिहिणारा फार तर 'सहायक', आणि पुष्कळदा तेही नाही. अण्णांचे मोठेपण याने कमी होत नाही. उलट, रागदारीत वाढलेल्या त्या माणसाने गोव्याच्या जॅझवाल्याला इतके जवळ केले, याचेच कौतुक वाटते.

चिक यांचे नशीब एका बाबतीत बरे. १९५१ च्या 'अलबेला'त 'दीवाना ये परवाना' या गाण्यात ते आपल्या बँडसह पडद्यावर दिसतात. झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेले वादक मागे उभे असतात, ते हेच.

त्याच वर्षी देव आनंद आणि मधुबाला यांच्या 'नादान'ला त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले. त्यातले तलत महमूद यांचे गाणे इतके हळुवार आहे, की ही चाल ताजमधल्या ट्रम्पेटवाल्याची, हे सांगूनही पटू नये! संगीतकार म्हणून मात्र त्यांना फारसे चित्रपट मिळाले नाहीत. का, कोण जाणे. 'नादान' ऐकल्यावर तरी हळहळ वाटते.

१९६७ मध्ये ते गेले. पन्नाशी नुकतीच झाली होती.

आता 'अलबेला' लागला, तर भगवानदादा आणि गीता बालींवरून नजर क्षणभर मागे न्या. ट्रम्पेट घेतलेले ते सावळे गृहस्थ हळदोण्याचे.