कोरडे न राहताही ऊब देणारा पोशाख : ह्यू ब्रॅडनर यांचे जीवन

गोव्यातील ग्रँड आयलंडजवळ स्कूबासाठी पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकांच्या अंगावर काळा, मऊ आणि अंगाला चिकटून बसणारा जो पोशाख दिसतो, त्याला वेटसूट म्हणतात. आपल्या उबदार समुद्रात तो पातळ असला तरी चालतो. थंड प्रदेशांतील गोड्या पाण्याच्या तळ्यांत मात्र याच पोशाखाच्या जाडीवर पाणबुड्याचा जीव अवलंबून असतो. हा पोशाख ज्यांच्या कल्पनेतून साकारला, ते ह्यू ब्रॅडनर हे कारखानदार नव्हते. ते भौतिकशास्त्रज्ञ होते आणि पहिल्या अणुबॉम्बच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता.

ब्रॅडनर यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९१५ रोजी अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यातील टोनोपा या गावी झाला. त्यांचे बालपण ओहायो राज्यातील फिंडले येथे गेले. १९३७ मध्ये ओहायोतीलच मायामी विद्यापीठातून ते पदवीधर झाले आणि १९४१ मध्ये त्यांनी कॅल्टेक या नामांकित संस्थेतून डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर काही काळ त्यांनी नौदलाच्या प्रयोगशाळेत सागरी सुरुंगांवर काम केले. १९४३ मध्ये रॉबर्ट ओपेनहायमर यांच्या बोलावण्यावरून ते लॉस अलामोस येथे रुजू झाले. तेथे त्यांनी बॉम्बच्या स्फोटयंत्रणेवर काम केले. त्याच प्रकल्पात सचिव असलेल्या मार्जोरी हॉल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १६ जुलै १९४५ रोजी वाळवंटात झालेल्या पहिल्या अणुस्फोटाचे ते साक्षीदार होते.

युद्ध संपल्यावर ते बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात लुईस अल्वारेझ यांच्या हाताखाली संशोधन करू लागले. १९५० च्या दशकाच्या आरंभी नौदलासाठी पाण्याखाली काम करणाऱ्या जलतरणपटूंच्या अडचणींकडे त्यांचे लक्ष वळले. त्यांतील मोठी अडचण थंडीची होती. पाणी शरीरातील उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. त्यावर तेव्हाचा उपाय म्हणजे आत लोकरीचे कपडे आणि वरून पाणी न शिरू देणारा रबरी पोशाख. परंतु तो एके ठिकाणी जरी फाटला, तरी लोकर भिजे आणि ऊब नाहीशी होई.

ब्रॅडनर यांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. ऊब राखण्यासाठी अंग कोरडे असण्याची गरज नाही, हे त्यांनी ओळखले. उष्णता अडवणारी हवा पोशाखाच्या आतल्या पोकळीत असण्याऐवजी त्या पदार्थाच्याच अंगात बंदिस्त असेल, तर पाणी आत आले तरी बिघडत नाही. आत शिरलेला पाण्याचा पातळ थर शरीराच्या उष्णतेने कोमट होतो आणि पोशाख घट्ट असल्यास तेथेच राहतो. २१ जून १९५१ च्या एका पत्रात त्यांनी हा विचार मांडला. पुढे विलार्ड बॅस्कम यांनी निओप्रीन वापरण्याचे सुचवले. असंख्य सूक्ष्म वायुकोश असलेले हे कृत्रिम रबर त्या कामासाठी योग्य ठरले.

थंड तळ्यात उतरणाऱ्याने पोशाख कसा निवडावा, याचे उत्तर याच तत्त्वात दडलेले आहे. पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते. त्यामुळे थंड प्रदेशांतील खोल तळ्यांच्या तळाशी भर उन्हाळ्यातही पाणी या तापमानाच्या आसपास राहू शकते. वर कोमट वाटणारे पाणी काही मीटर खाली एकाएकी गार होते. त्यातच १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि निओप्रीनमधील वायुकोश आकसून जवळपास निम्मे होतात. म्हणजे पाणी जिथे सर्वांत गार, तिथेच पोशाख सर्वांत पातळ. म्हणूनच उष्ण समुद्रासाठी ३ मिलिमीटरचा पोशाख पुरत असला, तरी थंड तळ्यासाठी ७ मिलिमीटरचा आणि सोबत टोपी, हातमोजे व बूट घेतले जातात. पोशाख कितीही जाड असला तरी सैल असेल, तर प्रत्येक हालचालीबरोबर गार पाणी आत येत राहते आणि जाडी व्यर्थ जाते. पाणी १० अंशांखाली असल्यास पुष्कळ पाणबुडे वेटसूट सोडून अंग कोरडे ठेवणारा ड्रायसूटच पसंत करतात.

ब्रॅडनर यांना या शोधाचे आर्थिक फळ मिळाले नाही. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लहान कंपनी काढली होती. परंतु वैमानिकांच्या पोशाखाशी साम्य असल्याच्या कारणावरून त्यांचा पेटंटचा अर्ज फेटाळला गेला. निओप्रीनमधील वायूमुळे शत्रूच्या सोनार यंत्रणेला पाणबुड्यांचा माग लागेल, या भीतीने नौदलानेही पोशाख स्वीकारला नाही. पुढे कॅलिफोर्नियातील जॅक ओनील यांच्यासारख्या व्यावसायिकांनी वेटसूट घरोघरी पोहोचवला आणि जनकत्वाचा मानही अनेक वर्षे त्यांच्याकडेच गेला. १९५१ चे ते पत्र पुढे आले, तेव्हा कल्पना मुळात कोणाची, हा प्रश्न सुटला. मात्र त्यातून पैसा कमावण्यात ब्रॅडनर यांना कधी रस नव्हताच.

१९६१ मध्ये ते स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत आले आणि १९८० मध्ये निवृत्त झाले. हवाईजवळच्या खोल समुद्रात न्यूट्रिनो कणांचा वेध घेण्याच्या प्रकल्पातही त्यांचा सहभाग होता. एप्रिल २००८ मध्ये मार्जोरी यांचे निधन झाले. त्यानंतर महिन्याभरातच, ५ मे २००८ रोजी, सॅन दिएगो येथे ९२ व्या वर्षी ब्रॅडनर यांनीही जगाचा निरोप घेतला. त्यांच्या तारुण्यातील एक काम संहाराचे होते. दुसऱ्याने गार पाण्यात उतरणाऱ्या असंख्य अनोळखी माणसांना सुखरूप वर आणले. त्यांपैकी बहुतेकांना आजही त्यांचे नाव ठाऊक नाही.