कै. रे. नारायण वामन टिळक व अंत्ययात्रेतील गायन

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील आपल्या खेड्यांच्या मंडळ्यांत कोणी प्रभूच्या ठायी निद्रिस्त झाला, की शोकाबरोबर एक प्रश्नही दारी उभा राहतो. घरापासून कबरस्तानापर्यंत गावे काय, आणि वाद्य घ्यावे की न घ्यावे? कोणी म्हणतात, इंग्रजी चालीचे गीतच शोभते, टाळ-मृदंग हिंदूंचे. वाद मिटेपर्यंत आयाबहिणी अंगणात ताटकळत बसतात. अशा वेळी मला टिळकांच्या चरित्राची आठवण होते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. काव्याची गोडी त्यांस आईपासून लाभली. परंतु ती माउली ते लहान असतानाच वारली आणि तिच्या मागे त्यांनी घर सोडले. नाशकास संस्कृताचे अध्ययन झाले. पुढे नागपुरास, म्हणजे आपल्या वऱ्हाडाच्या शेजारीच, त्यांचा मुक्काम होता. तेथून १८९३ साली राजनांदगावास आगगाडीने जात असता एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचन वाचून त्यांचे मन हरपले, व १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. याची किंमत थोडी नव्हती. पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे दुरावल्या. त्या परत आल्या, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगरच्या (हल्लीच्या अहिल्यानगरच्या) मंडळीत आल्यावर टिळकांच्या कानांस एक गोष्ट खटकली. पुष्कळ गीते भाषांतरित असून इंग्रजी चालींवर गाइली जात. आपल्या भाषेत ऱ्हस्व-दीर्घाला वजन असते. परकी चाल बसविली की ऱ्हस्व अक्षर ताणले जाते, शब्द मध्येच तुटतो, आणि निरक्षर श्रोत्यास अर्थाचा पत्ता लागत नाही. देशी चालींवर गीते रचणारे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारखे कवी टिळकांच्या आधीच होऊन गेले होते. टिळकांनी ती वाट रुंद केली. अभंग, ओवी, पद व कीर्तन ही महाराष्ट्राची वडिलोपार्जित मिळकत आहे, आणि बाप्तिस्मा घेतल्याने मनुष्य आपल्या मिळकतीस मुकत नाही, हे त्यांनी स्वतः कीर्तनास उभे राहून दाखविले. १९०४ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून ते ज्ञानोदयाचा मराठी भाग पाहू लागले, आणि १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी देवाचा दरबार स्थापिला. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला. त्यांचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी पुरे केले. नवऱ्यापाशी अक्षरे गिरवून वाचावयास शिकलेली ही बाई!

येथे माझी एक चूक सांगतो. सेवेच्या आरंभी एका खेड्यात एका तरुणाच्या दफनाच्या वेळी मी सेमिनरीत शिकलेले चार कडव्यांचे भाषांतरित गीत धरले. गाणारा मी एकटाच. परतताना त्याच्या आईने विचारले की, पाळकसाहेब, माझ्या लेकासाठी तुम्ही काय म्हटले? मी त्या रात्री तिच्या ओट्यावर बसून सगळ्या बायांस ठाऊक असलेला टिळकांचा अभंग धरला. ती दुसऱ्या ओळीपासून माझ्याबरोबर गाऊ लागली. ते गायन कबरेपाशी व्हावयाचे होते.

वाद्यांविषयी मात्र जपून बोलले पाहिजे. आपल्यापैकी कित्येकांच्या पूर्वजांस मृत्यूचा निरोप घेऊन गावोगाव धावावे लागे, व परक्यांच्या दारी वाजविणे हा त्यांच्या माथी मारलेला धर्म होता. अशा घरचे वडील डफडे नको म्हणतात, तेव्हा त्यांस मागासलेले म्हणू नये. ती जुनी जखम आहे. तेथे टाळ पुरेत, किंवा नुसता कंठ. पेटी असेल तर सूर धरण्यापुरती घ्यावी. भाड्याचा बँड व कर्णा यांचा मला तरी मोह नाही. त्यांत रडणाऱ्यांचा आवाज बुडतो. घरच्या लोकांस विचारावे, आणि मृताच्या आवडीचे गीत असेल तर तेच आधी धरावे.

उपासना-संगीतात टिळकांच्या गीतांचा मोठा भरणा आहे. प्रत्येक उपदेशकाने त्यांतील सार्वकालिक जीवनाच्या आशेची दोन-तीन गीते पावसाळ्याच्या संध्याकाळी, कोणी आजारी नसताना, बायकामुलांसह पाठ करवून घ्यावीत.