प्लेगचे बंदीहुकूम आणि हाफकिन

साथीचा रोग आला की राज्यकर्त्यांपुढे दोन मार्ग असतात. एक, माणसांची हालचाल रोखण्याचा. दुसरा, माणसांना जगण्यासाठी साह्य करण्याचा. वस्तुतः हे मार्ग परस्परविरोधी नाहीत. परंतु पहिला एका हुकमाने अमलात आणता येतो, तर दुसऱ्याला पैसा, श्रम आणि लोकांचा विश्वास लागतो. म्हणून सत्तेचा ओढा सहसा पहिल्याकडे असतो. मुंबई इलाख्याने १८९६ पासूनच्या प्लेगात हे अनुभवले आणि त्याच काळात दुसऱ्या मार्गाने चाललेला एक परदेशी माणूसही पाहिला. वाल्डेमार हाफकिन हे त्यांचे नाव. परळच्या संस्थेमुळे ते सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यामागील आयुष्य मात्र फारसे कोणाला ठाऊक नाही.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. मेचनिकॉफ यांच्या हाताखाली ते प्राणिशास्त्र शिकले. झारशाहीविरोधी चळवळीत पडल्याने विद्यार्थिदशेतच त्यांना तुरुंग पाहावा लागला आणि ज्यू असल्यामुळे प्राध्यापकपदाचे दार बंद झाले. स्वदेश सोडून ते आधी जिनीव्हाला व नंतर पॅरिसला गेले. तेथील पाश्चर संस्थेत त्यांना प्रथम मिळाली ती ग्रंथालयातील नोकरी. रिकाम्या वेळात त्यांनी पटकीवर लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. १८९३ साली ते हिंदुस्थानात आले आणि पुढील दोन वर्षांत त्यांनी चाळीस हजारांहून अधिक लोकांना ती लस टोचली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीतील रुग्णांना झालेला रोग प्लेग असल्याचे मूळ गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखले. त्यानंतर जे घडले ते इतिहासात नमूद आहे. शहरातील लक्षावधी लोक गावांकडे पळाले. रुग्णांना सक्तीने इस्पितळात नेण्याच्या धोरणाविरुद्ध २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा आला. आगगाड्यांतून उतारूंची तपासणी सुरू झाली, यात्रांवर निर्बंध आले आणि मुंबईहून हजला जाणारी वाहतूक थांबविण्यात आली. त्याच सुमारास व्हेनिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत युरोपातील राष्ट्रे हा रोग आपल्या किनाऱ्यापासून दूर कसा ठेवावा याची चर्चा करीत होती. मुंबईकरांना वाचवावे कसे, हा त्या परिषदेपुढील मुख्य प्रश्न नव्हता.

पुण्यात या धोरणाचे टोक गाठले गेले. गोऱ्या सोजिरांनी केलेल्या घरझडत्यांनी लोक संतापले आणि २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. लोकमान्य टिळकांचा आक्षेप उपाययोजनेला नव्हता, तिच्या रीतीला होता. त्यांनी स्वतः शहरात राहून हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ चालविले. सावित्रीबाई फुले यांनी पुण्याबाहेर पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा केली आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. म्हणजे साह्याची इच्छा लोकांत होती. सरकारला मात्र तिचा उपयोग करून घेता आला नाही.

हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईला आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्याच साधनांनिशी त्यांनी काम आरंभिले. मांसरसावर तुपाचे थेंब सोडून त्यात जंतू वाढविले, उष्णतेने ते मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस प्रथम स्वतःला टोचली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांपैकी जे स्वेच्छेने पुढे आले त्यांची पाळी आली. सक्तीचा आग्रह त्यांनी धरला नाही. आगाखानांनी चारचौघांत लस टोचून घेतली आणि आपल्या खोजा अनुयायांपुढे उदाहरण घालून दिले. १८९८ साली बडोदा संस्थानातील उंढेरा गावी प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांना लस दिली गेली. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३ दगावले. न घेतलेल्या ६४ पैकी २६.

या लसीने ताप येई आणि तिचे संरक्षणही पूर्ण नव्हते. पण जो हुकूम माणसाकडून केवळ घेतो, त्याच्या तुलनेत ती काहीतरी देत होती. शिवाय बंदीचा नेम मुळातच चुकलेला होता. पॉल सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत दाखवून दिले की, प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो. फलाटावर माणसांच्या काखा तपासल्या जात होत्या, तेव्हा धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर निर्धास्त प्रवास करीत होते. त्या काळच्या अधिकाऱ्यांना हे माहीत नव्हते, हे खरे. परंतु अपुऱ्या ज्ञानावर आधारलेली सक्ती अधिक नम्र असावयास हवी होती.

ज्या अविश्वासाशी हाफकिन झगडले, त्याचेच ते पुढे बळी ठरले. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ते सर्व एकाच बाटलीतील लस घेतलेले होते आणि तेथील साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तरीही ठपका प्रयोगशाळेवर आणि तिच्या प्रमुखावर आला. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आवाज उठविल्यावर १९०७ मध्ये त्यांच्यावरील कलंक दूर झाला. पण पूर्वीचे पद मिळाले नाही. निवृत्तीपर्यंत ते कलकत्त्यात राहिले. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत तोच १८९७ चा कायदा पुन्हा हाती घेण्यात आला. आगगाड्या थांबल्या आणि मुंबई-पुण्याचे मजूर संसार डोक्यावर घेऊन महामार्गांवरून चालू लागले. श्वासावाटे पसरणाऱ्या त्या रोगात गर्दी रोखणे निराधार नव्हते. प्लेगशी त्याची सरसकट तुलना करता येणार नाही. पण रोजी बंद करण्याचा हुकूम निघाला त्याच दिवशी शिधा, निवारा व घरभाडे यांची हमीही मिळाली असती, तर त्यांतील किती पावले थांबली असती, हा प्रश्न उरतोच. हाफकिन यांच्या आयुष्याचे सांगणे बंदी कधीच नको असे नाही. जो रोखतो त्याने पोसलेही पाहिजे आणि इतरांवर जोखीम घालण्यापूर्वी ती स्वतः पत्करली पाहिजे, हे आहे. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. तेव्हा साह्याची तरतूद कायद्यात आजच लिहून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.