डोंगरधारेवरचा वाटाड्या

चंद्रपूरकरांना बर्फ ठाऊक असतो तो रसवंतीवरचा. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे सरकला की त्याची आठवण होते, एवढेच. डोंगर म्हणाल तर जिवतीकडे माणिकगडचे, पलीकडे गडचिरोलीत सुरजागड आणि भामरागडच्या रांगा. सकाळी चढलेला गुराखी दुपारच्या भाकरीला खाली उतरतो अशा उंचीचे. तरीही मे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी मुले, चार मुलगे आणि एक मुलगी, एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली. त्यांच्या तयारीतला एक टप्पा होता दार्जिलिंगचा. भारतात डोंगर चढण्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण जिथे रुजले, ते हे गाव. आणि तिथला पहिला मास्तर तेनसिंग नोर्गे.

तेनसिंगचा जन्म 1914 चा, तारीख घरात कुणाला ठाऊक नव्हती. याक राखणारे कुटुंब, शाळा नाही. पोटासाठी तो दार्जिलिंगला आला आणि 1935 साली एरिक शिप्टनच्या मोहिमेत हमाल म्हणून लागला. अनुभवाची चिठ्ठी जवळ नसताना त्याची निवड झाली. हसरा चेहरा कामी आला, असे म्हणतात.

एव्हरेस्टवर पहिला पाय कुणाचा, या वादाचे चर्वितचर्वण आपल्याकडे पुष्कळ झाले. मला मात्र तेनसिंगची खरी ओळख पटते ती 1951 च्या नंदादेवीवर.

नंदादेवीला दोन शिखरे. मुख्य शिखर 7816 मीटर, पूर्वेचे 7434 मीटर, आणि दोघांना जोडणारी सुमारे दोन किलोमीटरची बर्फाळ धार. दोन्ही शिखरे पूर्वी सर झाली होती. एकावर चढून धारेवरून चालत दुसऱ्यावर जायचे आणि तिकडून उतरायचे, हे कुणी केले नव्हते. नेहमीच्या चढाईत आल्या वाटेने परतता येते, खालचे तंबू जागेवर असतात. धारेवर अर्धे अंतर गेल्यावर मागची वाटही पुढच्याइतकीच लांब होते. वाऱ्याने कडेला बर्फाचे सज्जे लोंबतात, त्यांच्याखाली पोकळी असते. दोरात बांधलेल्यांपैकी एक जण डावीकडे घसरला, तर दुसऱ्याने उजवीकडे उडी टाकायची, तरच दोर तोलून धरतो! आल्प्समध्ये पिढीजात वाटाडे गिऱ्हाइकाला घेऊन अशा धारा पार करतात. वाटाड्या चढताना पुढे असतो, उतरताना मागे, म्हणजे खालचा घसरला तर सावरता यावा. हिमालयात तेव्हा शेर्पाच्या वाट्याला वाटाड्याची जोखीम होती, पण मान हमालाचा.

ही धार पार करायला फ्रेंच मोहीम आली. तेनसिंग तिचा सरदार, म्हणजे शेर्पांचा मुकादम. रोझे द्युप्ला आणि झिल्बेर विन्य हे दोघे 29 जूनला मुख्य शिखराकडे चढताना दिसले, मग ढग आले. दोघे पुन्हा कुणाला दिसले नाहीत. सोबती पूर्वेच्या बाजूला वाट पाहत राहिले. अखेर लुई द्युबोस्त आणि तेनसिंग शोधासाठी पूर्व शिखरावर चढले. 6 जुलैला ते माथ्यावर पोचले. समोर ती सगळी धार पसरलेली होती. माणसांचा मागमूस नव्हता. पुढे एव्हरेस्ट झाल्यावरही, आपली सर्वांत कठीण चढाई नंदादेवी पूर्वचीच, असे तेनसिंग सांगत असे. हरवलेल्यांना शोधायला जाताना झालेली ती चढाई होती, हे लक्षात घ्यायला हवे.

पुढच्याच वर्षी स्विस मोहिमेने त्याला चढाईचा सभासद करून घेतले. त्याचा जोडीदार रेमों लांबेर हा जिनिव्हाचा वाटाड्या. हिमदंशाने त्याच्या पायांची बोटे आधीच गेलेली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. आग्नेय धारेवर त्यांनी चूल आणि झोपायच्या पिशव्या नसताना रात्र काढली, मेणबत्तीवर बर्फ वितळवून घोट घोट पाणी प्यायले आणि सकाळी सुमारे 8600 मीटरपर्यंत गेले. तिथून ते जिवंत परतले, हे मला शिखराहून कमी वाटत नाही. लांबेरने दिलेला लाल मफलर गळ्यात घालून तेनसिंग 29 मे 1953 रोजी सकाळी साडेअकराला हिलरीबरोबर माथ्यावर पोचला. हिलरीला सर ही पदवी मिळाली, तेनसिंगला जॉर्ज पदक. पहिले पाऊल हिलरीचे, हे त्याने 1955 च्या आत्मचरित्रात सरळ सांगून टाकले.

नोव्हेंबर 1954 मध्ये पंडित नेहरूंच्या पुढाकाराने दार्जिलिंगला हिमालयीन पर्वतारोहण संस्था सुरू झाली. मेजर नरेंद्र जयाल प्राचार्य आणि तेनसिंग प्रत्यक्ष शिक्षणाचा प्रमुख. त्याआधी तो स्वित्झर्लंडमध्ये आर्नोल्ड ग्लाटहार्ट या वाटाड्याच्या शाळेत शिकून आला. एव्हरेस्टवीराने चाळिशीत पुन्हा विद्यार्थी व्हायचे! पण चढणे आणि चढायला शिकवणे यांतला फरक त्याला कळत होता. गाठ कशी मारायची, कुऱ्हाडीने पायरी कशी खोदायची, सोबत्याचा दोर कसा धरायचा, हे त्याने बावीस वर्षे शिकवले.

1976 साली तो निवृत्त झाला. त्याच वर्षी जूनमध्ये भारत-जपान मोहिमेतल्या दोन जपानी गिर्यारोहकांनी पूर्व शिखरावरून मुख्य शिखरापर्यंत जाऊन नंदादेवीची धार पहिल्यांदा पार केली. 9 मे 1986 रोजी दार्जिलिंगला तेनसिंगचे निधन झाले. जिथे शिकवले त्या संस्थेच्या आवारातच त्याला अग्नी दिला गेला.