बोरीकाठचे साने गुरुजी

तापीला मिळणाऱ्या बोरी नदीच्या काठी वसलेले अमळनेर हे आपल्या जळगाव जिल्ह्यातील एक जुने शहर होय. संत सखाराम महाराजांची समाधी याच नदीच्या पात्रात आहे. प्रताप शेठजींच्या औदार्यामुळे येथे कापडगिरणीबरोबरच १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिरही उभे राहिले. आज जगभर पसरलेल्या विप्रो उद्योगाचा आरंभही १९४५ साली येथेच, वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाला. परंतु महाराष्ट्रातील सामान्य माणसाच्या मनात या शहराचे नाव एका शिक्षकाशी जोडले गेले आहे, आणि तो शिक्षक मूळचा खानदेशचा नव्हता.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घराणे खोतांचे, पण दारिद्र्यात आलेले. १९१७ साली आईचे छत्र हरपले. पदवीनंतर तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते अमळनेरला आले आणि १९२४ पासून तेथील शाळेत शिकवू लागले. पुढे छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुले शाळेत गेली की त्यांच्या खोल्या आवरणे, मळलेले कपडे धुऊन ठेवणे, आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढणे हे सारे ते गाजावाजा न करता करीत. स्वतःच्या आईकडून जे मिळाले तेच त्यांनी परक्यांच्या मुलांना दिले. अवघी सहा वर्षे त्यांनी नोकरी केली. 'गुरुजी' ही उपाधी मात्र जन्मभर राहिली.

१९३० साली शाळा सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर प्रवचन देत. ती प्रवचने गुरुजी भराभर उतरवून घेत. आज अनेक भाषांतून वाचला जाणारा 'गीता प्रवचने' हा ग्रंथ त्या लेखणीमुळे आपल्या हाती आला, ही गोष्ट धुळेकरांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली, तीही पाच दिवसांत.

दीपनगरच्या वाचकांना फैजपूर दूरचे नाही. तेथे डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, तेव्हा त्याच्या तयारीसाठी गुरुजी गावोगाव फिरले. १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहून 'काँग्रेस' हे साप्ताहिक काढले. शेतकरी आणि गिरणी कामगार यांची दुःखे ते त्यातून मांडीत.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी कसोटी पंढरपूरला लागली. विठ्ठलाचे मंदिर तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना बंद होते. ज्या देवाला सारा महाराष्ट्र माउली म्हणतो, तिच्या दारातून तिचीच लेकरे परत फिरवली जावीत, हे त्यांना सोसवेना. आधी काही महिने गावोगाव फिरून त्यांनी लोकमत जागृत केले, आणि १ मे १९४७ रोजी तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण आरंभिले. विरोध कडवा होता. गांधीजींनीही तार करून उपोषण थांबविण्यास सुचविले. ज्यांना गुरू मानले त्यांचाच सल्ला बाजूला ठेवणे या मृदू माणसाला किती जड गेले असेल! तरीही ते ढळले नाहीत. दहाव्या दिवशी मंदिर सर्वांसाठी खुले करण्याचे मान्य झाले, तेव्हाच त्यांनी उपोषण सोडले.

गांधीजींच्या हत्येने त्यांचे मन मोडले. एका महाराष्ट्रीयाच्या हातून हे पाप घडले म्हणून १९४८ साली त्यांनी एकवीस दिवस उपवास केला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला 'साधना' साप्ताहिक सुरू केले. भारतातील निरनिराळ्या भाषांच्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात म्हणून 'आंतरभारती'चे स्वप्नही ते पाहत होते. परंतु आतले दुःख निवळले नाही. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. इतरांचे अश्रू पुसणाऱ्याच्या मनात केवढा अंधार साचला होता, हे जवळच्यांनाही उमगले नाही. त्यावर निवाडा देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणाचाही नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला भरले, ते १९५२ नंतर प्रथमच. गुरुजींचे 'साधना' आजही पुण्याहून निघते.