फोन सुरू होतानाचा झटका आणि मायकेल फॅरडे

फोनचं पॉवर बटण दाबून धरलं की लोगो यायला थोडा वेळ लागतो. त्याआधीच पॉवर मॅनेजमेंट चिपने एक काम उरकलेलं असतं. प्रोसेसर, मेमरी, रेडिओ अशा एकेका भागाचं व्होल्टेज ती ठरलेल्या क्रमाने आणि दमादमाने चढवते. एकदम का नाही? हे समजून घ्यायला एका लोहाराच्या मुलाची गोष्ट कामी येते.

मायकेल फॅरडेचा जन्म 22 सप्टेंबर 1791 चा, लंडनजवळच्या न्यूइंग्टनचा. घरची परिस्थिती बेताची, शाळा लिहिण्या-वाचण्यापुरती. चौदाव्या वर्षी तो एका बुकबाइंडरकडे शिकाऊ म्हणून लागला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचून काढू लागला. विजेवरचा एनसायक्लोपीडियातला लेख त्याला तिथेच सापडला. 1812 मध्ये एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. पोराने नोट्स काढल्या, स्वतः बाइंड केल्या आणि थेट डेव्हीला पाठवल्या. रेझ्युमे म्हणाल तर असा! पुढच्याच वर्षी तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये असिस्टंट झाला. युरोप दौऱ्यात मात्र त्याला डेव्हीची नोकरासारखी कामंही करावी लागली.

विजेपासून चुंबकत्व मिळतं हे 1820 मध्ये कळलं होतं. फॅरडेला उलटं हवं होतं: चुंबकत्वापासून वीज. 1825 मध्ये त्याने एका तारेत करंट चालू ठेवून शेजारच्या तारेत काही येतं का ते पाहिलं. काहीच आलं नाही.

29 ऑगस्ट 1831 ला त्याने लोखंडी कडं घेतलं. त्याच्या एका बाजूच्या तारेची टोकं बॅटरीला जोडायची होती. दुसऱ्या बाजूच्या तारेजवळ चुंबकसुई ठेवली होती. बॅटरी जोडली आणि सुई हलली, पण लगेच जागेवर आली. करंट चालूच होता, सुई मात्र ढिम्म. बॅटरी काढली, पुन्हा झटका. त्याला सतत वाहणारी वीज हवी होती आणि मिळाला होता क्षणभराचा झटका. दुसऱ्या कुणी याला बिघाड म्हणून सोडून दिलं असतं. फॅरडे त्याच झटक्याच्या मागे लागला आणि काही आठवड्यांत त्याच्या लक्षात आलं की सगळा खेळ बदलाचा आहे.

आता परत फोनकडे. चिपच्या आउटपुटला कपॅसिटर असतात. त्यांचाही स्वभाव असाच: व्होल्टेज बदलत असेल तेवढाच वेळ करंट घेतात. समजा 22 मायक्रोफॅरडचा रिकामा कपॅसिटर 1 व्होल्टपर्यंत भरायचाय. 10 मायक्रोसेकंदांत भरला तर सरासरी 2.2 अँपिअर लागतात. तोच 1 मिलिसेकंदात भरला तर फक्त 22 मिलिअँपिअर. असे बरेच कपॅसिटर एकदम भरायला घेतले तर बॅटरीचं व्होल्टेज खाली बसतं आणि चिप स्वतःच बंद पडू शकते. म्हणून आउटपुट हळू चढवायचं, याला सॉफ्ट स्टार्ट म्हणतात. एक भाग स्थिर झाला की मग पुढचा. माझा फायनल इयर प्रोजेक्टचा बोर्ड ऑन केला की रिसेट व्हायचा. मी आठवडाभर कोड तपासत बसलो होतो आणि दोष निघाला या पहिल्या झटक्यात.

पुढे 1837 च्या सुमारास फॅरडेने दाखवलं की दोन धातूंच्या मध्ये काच, गंधक असं काय ठेवलंय त्यावर किती विद्युतभार साठतो हे बदलतं. गणित मात्र त्याला कधीच जमलं नाही. त्याच्या कल्पनांना समीकरणं दिली ती मॅक्सवेलने. उतारवयात स्मरणशक्ती दगा देऊ लागली, तरी प्रयोगांची वही तो नेमाने लिहीत राहिला. सरदारकी त्याने नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही. 25 ऑगस्ट 1867 ला तो गेला.

कपॅसिटर मोजायच्या एककाला त्याचं नाव आहे: फॅरड. हे एकक इतकं मोठं आहे की तुमच्या फोनमधले कपॅसिटर त्याच्या दहा लाखाव्या भागात, किंवा त्याहूनही लहान भागात मोजावे लागतात.