पंडिता रमाबाई : ग्रंथ आणि अधिकार

धर्मग्रंथ कोणी वाचावा व त्याचा अर्थ कोणी ठरवावा, हा प्रश्न पंडिता रमाबाईंच्या घरात त्यांच्या जन्मापूर्वीच उपस्थित झाला होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले, म्हणून उडुपीच्या पंडितांपुढे त्यांना शास्त्राधार देऊन आपली बाजू मांडावी लागली. २३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमाबाई आईकडूनच संस्कृत शिकल्या. दुष्काळात आईवडील गेल्यावर बंधू श्रीनिवास यांच्यासह पायी हिंडत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे धर्मशास्त्रे स्वतः वाचल्यावर स्त्रीला त्यांत स्वतंत्र मोक्षमार्ग नाही, असे त्यांचे मत झाले.

पती बिपिनबिहारी मेधवी १८८२ साली निवर्तले. त्याच वर्षी पुण्यास येऊन रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या व २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे कन्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

खरा संघर्ष यानंतरचा आहे. ज्यांनी आश्रय दिला त्या सिस्टर जेराल्डीन यांची अपेक्षा होती की, नवदीक्षिताने चर्चची परंपरा नम्रपणे मानावी. एकट्याने अर्थ लावू लागल्यास माणूस भरकटतो. ही भीती अगदीच निराधार नव्हती. परंतु रमाबाईंची भूमिका वेगळी होती. आपण ख्रिस्ताचा स्वीकार केला आहे, धर्मगुरूंच्या प्रत्येक शब्दाचा नव्हे. एका पुरोहितवर्गाचे जू टाकून दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी आपण आलो नाही, असे त्यांनी पत्रांतून कळविले. त्रैक्याचा सिद्धान्तही बायबलमध्ये शोधून पाहिल्याविना मानण्यास त्या तयार नव्हत्या. उपकारकर्त्यांशी असा वाद घालणे परदेशात एकट्या विधवेस सोपे नव्हते. हा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

१८८९ साली मुंबईत शारदासदन निघाले व पुढील वर्षी ते पुण्यास आले. तेथे हाच प्रश्न उलट दिशेने त्यांच्यापुढे आला. विद्यार्थिनी बाईंच्या प्रार्थनेस बसतात, यावरून १८९३ साली गदारोळ झाला. रानडे व भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आपण दार कोणासही बंद करणार नाही, असे बाईंचे म्हणणे होते. आश्रित मुलींची निवड कितपत मोकळी, ही टीकाकारांची शंकाही विचारात घेण्याजोगी होती.

केडगावच्या मुक्तिसदनात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. अल्पशिक्षित स्त्रीलाही ते कोणाच्या मध्यस्थीवाचून कळावे, हा त्यामागील हेतू होता. १९२१ साली मनोरमा वारल्या, तरी काम थांबले नाही. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंनी देह ठेवला. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

त्यांची मते सर्वांना पटतील असे नाही. परंतु ग्रंथ वाचकाच्या हाती देण्यासाठी त्यांनी वेचलेले आयुष्य ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी आदराने आठवावे, असेच आहे.